मेट्रनबाईंच्या नावावर

बायको सल्लागार झाली तर तिला कामं मिळणार होती, पण खरा फायदा होता नवऱ्याचा. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणाऱ्या त्या मुद्रितशोधकाला निवृत्तीनंतर प्रथमच वाचक मिळणार होते. नाव बायकोचं असलं म्हणून काय झालं!

"अहो, दाखवा तरी काय लिहिलंत माझ्या नावावर," स्वयंपाकघरातून मेट्रनबाई म्हणाल्या. हॉस्पिटल सुटलं तरी घरादारात त्या मेट्रनबाईच होत्या. आता इतर हॉस्पिटलांना कारभार सुधारायचा सल्ला द्यायचा त्यांचा बेत होता. गिऱ्हाईक यायचं तर व्यावसायिकांच्या साइटवर सतत दिसायला हवं, असं सुनेने बजावलं होतं.

"कालच टाकलं. लोक नुसते तुटून पडलेत!"

पोस्ट होती पेशंटांच्या रांगेवर. पूर्वी पेशंट डॉक्टरांच्या रांगेत बसे, डॉक्टर रक्त तपासून आणायला सांगत, मग लॅबची रांग, मग पुन्हा डॉक्टरांची. 'मी ठरवलं, जुन्या पेशंटला दारातूनच आधी लॅबकडे पाठवायचं. रांग निम्मी झाली,' असं नवऱ्याने ठसक्यात लिहिलं होतं. एका नव्या हॉस्पिटलच्या संचालकांचा निरोपही आला होता: 'आमची रांग मोडायला याल का? उद्या फोन करतो.'

हात पुसत बाई आल्या, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून वाचू लागल्या, आणि खालच्या एका अभिप्रायाशी थबकल्या. 'छान लिहिलं आहे.' एवढंच. लिहिणारी त्यांच्याच हॉस्पिटलातली दुसरी सीनियर सिस्टर; फटकळ जिभेमुळे सगळे तिला मिरचीच म्हणत. दोघींचं हाडवैर.

"अहो, हे डोकं मिरचीचं. मी तर मीटिंगमध्ये तिला उभं-आडवं घेतलं होतं."

"पण तूच सांगायचीस की, आम्ही आता असं करतो म्हणून."

"आम्ही! 'मी' कुठे म्हणाले?"

"'आम्ही' फार ढिलं वाटतं गं. 'मी' म्हटलं की वाक्याला धार येते."

"आली ना धार? भांडली असती तर बरं होतं. 'छान' म्हणाली मेली!"

"काढून टाकू?"

"काढायची नाही. खाली खरं काय ते लिहायचं. आणि तुम्ही नाही, मी लिहिणार."

"अगं, उद्या फोन यायचाय! पहिलंच काम, हातातोंडाशी आलेलं. ते ठरू दे, मग लिही."

"आणि त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू?"

एका बोटाने टिपत बाईंनी लिहिलं: 'ही कल्पना माझी नव्हती. सिस्टरची होती. मी विरोध केला. माझं चुकलं. सिस्टर हुशार आहे.' वाक्यं जरा जोडून घ्यावीत म्हणून नवऱ्याचा हात सवयीने पुढे गेला. पेशंटच्या खाटेवर बसणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं बाईंनी बघितलं. हात मागे आला.

दुसऱ्या दिवशी संचालकांचा फोन आला. "बाई, तुमचा खुलासा वाचला. कौतुक वाटलं. पण आमचं काम नेमकं रांगेचंच आहे. त्या सिस्टरचा नंबर मिळेल?"

नवरा दोन्ही हातांनी 'नाही, नाही' करत होता. बाईंनी पाठ करून ठेवल्यासारखा नंबर सांगितला आणि वर म्हणाल्या, "फटकळ आहे. ऐकून घ्या. काम चोख करेल."

संध्याकाळी मिरचीचा फोन. "काय गं मेट्रन, तब्येत बरी आहे ना? चारचौघांत मला हुशार म्हणालीस!"

"एकदाच म्हटलंय, जपून ठेव. आणि फी सांगताना लाजू नकोस. संचालकांना परवडते."

पलीकडून मिरची खदखदून हसली. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. वॉर्डाच्या फेरीला निघाल्यासारखी ताठ उभी होती. तिच्या पाच वाक्यांत विशेषण एकच होतं, तेही मिरचीला देऊन टाकलेलं. इतका भक्कम मजकूर त्याच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

झालं ते असं: काम मिरचीला मिळालं. मेट्रनबाईंनी ते घालवलं, पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. भुर्दंड बसला तो नवऱ्यालाच. त्या दिवसापासून बाई स्वतःच लिहू लागल्या, आणि त्याचे सगळे वाचक गेले. आणि हा गडी बायकोचं लिहिणं छाती फुगवून शेजारीपाजारी दाखवत सुटला.