पोटावरचं पाणी

सासूबाईंना गल्लीत सगळे तोफ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते आवडतही असावं, कारण कोणी फार गोड बोलायला लागलं की त्या संशयाने बघत. अशा बाईच्या सुनेने एके दिवशी घरात येऊन सांगितलं, की आपल्याला हॉस्पिटलच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी लागली. मुलाने पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, तो खाली ठेवायची त्याची हिंमत होईना. तोफ कधी उडते याची तो वाट बघत होता. ती उडाली, आणि पुढे कित्येक महिने उडतच राहिली.

सून उलट उत्तर द्यायची नाही. सगळं ऐकून घ्यायची आणि सकाळ झाली की चावी घेऊन बाहेर पडायची. सध्या तिच्याकडे मालाची गाडी होती. मळक्या चादरींची गाठोडी धुलाईला न्यायची, सलाईनची खोकी आणायची, ऑक्सिजनचे सिलिंडर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पोचवायचे. सिलिंडर उचलायचा नसतो, तिरका धरून बुडाच्या कडेवर फिरवत न्यायचा असतो, हे ती जेवताना भरल्या पेल्यावर नवऱ्याला करून दाखवायची. सासूबाई तिच्या हातातून पेला काढून घ्यायच्या.

तिचा जीव मात्र पेशंटच्या गाडीत अडकला होता, आणि ती गाडी सबुरीकाकांच्या हाती होती. हे तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. ऊठसूट ‘सबुरीने, सबुरीने’ म्हणायचे, म्हणून हे नाव. गाडीत बसून पोटातलं पाणी हलता कामा नये असं लोक नुसतं म्हणतात. काकांनी ते पाणी पोटातून काढून पोटावर आणून ठेवलं होतं. नवा ड्रायव्हर आला की ते स्वतः मागच्या स्ट्रेचरवर आडवे व्हायचे, पट्टे बांधून घ्यायचे, पोटावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवायचे आणि म्हणायचे, चल. मागच्या फाटकातून निघायचं, लाकडाच्या वखारीला वळसा घालायचा, बाजाराच्या खडबडीत रस्त्याने पुलाखालून परत यायचं. पाणी सांडलं की गडी पुन्हा चादरींच्या गाठोड्यांवर. डॉक्टरांची शिफारस आणा नाहीतर साहेबांची, काकांच्या वाटीपुढे कोणाचं काही चालायचं नाही.

सुनेची पहिली खेप वखारीच्या वळणावरच वाया गेली होती. काका ओल्या सदऱ्याने उतरले आणि तडक चहा प्यायला गेले. दुसऱ्या खेपेला तिने थेंब सांडू दिला नाही, पण गाडी अशी हाकली की एका सायकलवाल्याने खिडकीशी येऊन विचारलं, बंद पडली का, धक्का मारू? काका म्हणाले, पाणी सुखरूप पोचलं, पेशंट मात्र वाटेत गेला. आता तिसरी आणि शेवटची खेप राहिली होती. तीही हुकली तर तिला कायमची मालाची गाडी. तसं झालं तर नोकरी सोडून घरी बसेन, असं ती एकदा रडवेल्या आवाजात नवऱ्याला म्हणाली होती, आणि ते पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी ऐकलं होतं.

या तिसऱ्या खेपेची रीत वेगळी होती. तिच्यात स्ट्रेचरवर काका झोपायचे नाहीत. ड्रायव्हरच्या घरचं माणूस झोपायचं. काकांचं म्हणणं असं, की मागे परकं माणूस असलं की पोरं परीक्षा देतात, घरचं असलं की गाडी चालवतात. नवऱ्याला तर बसची नुसती पाटी दिसली तरी मळमळायला लागायचं. राहता राहिल्या सासूबाई.

‘येते मी,’ त्या म्हणाल्या, आणि मुलगा आणि सून त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. सून त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्या भांडी आवरायला उठून गेल्या. कारण त्यांच्या ओठावर एक होतं आणि मनात भलतंच. वाटी त्यांच्या पोटावर असणार होती. एखादा खड्डा यावा, आपण पोट जरासं उचलावं, खापर खड्ड्यावर फुटावं आणि सून घरी बसावी, एवढा साधा बेत होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

त्यांना दुष्ट म्हणायची घाई कोणी करू नये. लोक काय म्हणतील, हाताला डिझेलचा वास येतो, ही सगळी त्यांची वरवरची भांडणं. खरी गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. कारखान्याच्या जिन्यावरून पडून त्यांच्या नवऱ्याचं, मालकांचं, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना असल्याच एका गाडीतून नेलं होतं. ड्रायव्हर शीळ घालत होता. ज्या माणसाने जन्मात घरात आवाज चढवला नाही, तो प्रत्येक खड्ड्याला गुरासारखा ओरडत होता. मालक हॉस्पिटलातून परत आले नाहीत. पण सासूबाईंना आठवायचा तो रस्ता, आणि ती शीळ. आता आपल्याच घरातलं माणूस त्या खुर्चीवर बसणार, हे त्यांच्या जिवावर येत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी त्या गाडीत चढल्या. आतून ती गाडी म्हणजे एक लांबट खोलीच होती. एका बाजूला स्ट्रेचर, दुसऱ्या बाजूला बाक, भिंतीला फळ्या आणि पट्ट्या लटकवलेल्या. काकांनी पट्टे आवळले, वाटी ठेवली, आणि पाणी ओतताना विनवणी केल्यासारखं सांगितलं की ताई, तेवढं हसू नका. सासूबाईंना हसू येण्याचा प्रश्नच नव्हता. काका पुढे सुनेशेजारी जाऊन बसले.

गाडी निघाली. सासूबाई छताकडे बघत खड्ड्याची वाट बघू लागल्या. फाटकातली लोखंडी पट्टी येणार हे त्यांना माहीत होतं, त्यांनी श्वास धरला. पट्टी आली कधी आणि गेली कधी ते कळलंच नाही. मग वखारीचं वळण. ओल्या लाकडाचा वास आला म्हणून वळण कळलं, नाहीतर तेही तसंच गेलं असतं. वाटीतलं पाणी नुसतं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झुकलं आणि पुन्हा जागेवर आलं. आणि सून काही रेंगाळत नव्हती. खिडकीतून दुकानांच्या पाट्या भराभरा मागे पळत होत्या.

बाजाराच्या रस्त्यावर तरी काही होईल, असं सासूबाईंना वाटलं. तिथे खड्ड्यांत रस्ता शोधावा लागतो. झालं एवढंच, की गाडी आधीच हळू व्हायची, एक चाक अलगद उतरायचं, चढायचं, आणि मग वेग यायचा. खापर फोडायला खड्डाच मिळेना. नुसतंच पोट हलवावं, तर ती उघड लबाडी झाली असती. सासूबाई लबाडी करायला निघाल्या होत्या खऱ्या, पण उघड नव्हे. जी पोरगी भाजीला मीठ किती घालू म्हणून रोज विचारते, तिच्या हातात आपली मान इतकी निवांत पडून राहिली आहे, याचा त्यांना राग येत होता आणि नवलही वाटत होतं.

पुलाजवळ गाडी थांबली. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. रस्त्याकडेच्या इमारतीला रंग देणारा एक गडी परांचीवरून खाली पडला होता आणि हॉस्पिटलची गाडी दिसली म्हणून लोक तिच्यापुढे आडवे झाले होते. काका उतरले. सासूबाईंनी घाईघाईने पट्टे सोडले आणि उठल्या तशी वाटी कलंडून सगळं पाणी त्यांच्या कपड्यांवर गेलं. त्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं, त्यांचं स्वतःचंही नव्हतं.

रंगारी तरणा होता. त्याचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि पाय बघवत नव्हता. काकांनी हॉस्पिटलला फोन लावला. पेशंटची दुसरी गाडी गावाबाहेर गेली होती. मग त्यांनी फळ्या लावून पाय बांधला, चौघांनी उचलून त्याला आत घेतलं. काका टाच दोन्ही हातांनी ताणून धरून बसले. ती सैल सोडली की हाड आत टोचतं, हे त्यांनी सांगितलं, आणि मग पुढे स्टिअरिंगकडे पाहिलं. सासूबाईंना त्यांची अडचण दिसली. पाय धरणारा माणूस तोच, आणि पेशंटला घेऊन गाडी चालवायची परवानगी असलेलाही तोच. खेप पुरी न केलेल्या ड्रायव्हरच्या हाती त्यांनी आजवर एकही पेशंट दिला नव्हता.

ते सासूबाईंना पाय कसा धरायचा ते दाखवू लागले. सासूबाईंनी हात मागे घेतले.

‘तुम्ही पाय सोडू नका,’ त्या म्हणाल्या. ‘तीच चालवेल.’

‘ताई, पुलाखालून लांब पडेल, बाजाराचा रस्ता परत घ्यावा लागेल.’

‘आत्ता त्याच रस्त्याने झोपून आले ना मी? मी सांगते. तीच चालवेल.’

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे मान वळवून सुनेला म्हणाले, चल. सबुरीने म्हणाले नाहीत.

रंगाऱ्याने गळ्यातला रुमाल दातांत धरला, डोळे गच्च मिटले आणि सासूबाईंचं मनगट पकडलं. निघायच्या आधी सांगा, असं तो रुमालातूनच म्हणाला. सासूबाई सांगते म्हणाल्या. पण त्यांनी सांगितलं नाही, कारण त्याही त्याच्यासारख्याच हिसक्याची वाट बघत बसल्या होत्या. तो आलाच नाही. पाट्या मागे जायला लागल्या, बाजार आला, गेला. काका टाच धरून पायाकडे बघत होते. पुढच्या खुर्चीवर सुनेची मान दिसत होती, ताठ, जराही इकडेतिकडे न होणारी. तिच्या मानेवर घाम आला होता.

सासूबाईंना त्या वेळी मालकांची फार आठवण आली. अशी गाडी मिळाली असती तर ते जगले असते असं नाही. पण ते ओरडत गेले नसते. शीळ घालणाऱ्या त्या माणसाचा राग आपण इतके दिवस या पोरीच्या ताटात वाढत होतो, हे त्यांना लख्ख कळलं, आणि समोरच्या त्या मानेबद्दल त्यांना असा अभिमान वाटला, जसा पोटच्या पोराबद्दलही कधी वाटला नव्हता.

गाडी थांबली. दार उघडलं, हॉस्पिटलचे दोघे स्ट्रेचरपाशी आले. रंगाऱ्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. इंजिनाची घरघर त्याने ऐकली असणारच, पण ज्या कळेसाठी तो रुमाल चावत होता ती काही आली नव्हती, म्हणून गाडी अजून निघालीच नाही असं तो धरून चालला होता. त्याने तोंडातला रुमाल काढला.

‘निघताय का आता?’ त्याने विचारलं.

‘पोचलो, बाळा,’ सासूबाई म्हणाल्या.

त्याला आत नेलं. काकांनी आखडलेली बोटं चोळली आणि उद्यापासून चादरींची गाठोडी दुसऱ्या कोणाला तरी उचलावी लागतील, असं ते सुनेला सांगून आत गेले. सून दाराशी उभी होती.

सासूबाई बाकावरून उठल्या नाहीत. ओल्या कपड्यांनी तशाच बसून त्या रिकाम्या स्ट्रेचरकडे बघत होत्या.

‘ह्यांना असं कोणी नेलं असतं तर गं,’ त्या म्हणाल्या.

सुनेने हात पुढे केला आणि सासूबाईंना सावकाश खाली उतरवून घेतलं.