एका घरात दोन राखणदार

दुपारचा पाऊण वाजला आणि फुलाबाईची फाइल तिसऱ्यांदा नाहीशी झाली.

लताबाईंच्या डोळ्यांदेखत झाली. निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला आली, आता उतरली म्हणेपर्यंत स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक चौकोन वर आला, ‘धोका अडवला’ म्हणाला, आणि फाइल गेली. एकदा उतरायला पंचवीस मिनिटं लागत होती. डॉक्टरांची वेळ चारची होती, आणि रात्रीच्या गाडीने ते दहा दिवसांसाठी बाहेरगावी जाणार होते.

आतल्या खोलीत फुलाबाई पलंगावर पाय लांब करून बसली होती. लताबाईंची थोरली बहीण, काल संध्याकाळीच नामपूरहून आलेली. आठ दिवसांपासून तिचा उजवा पाय बधिर होत चालला होता. आधी बोटं, मग घोटा, आता पोटरी. मालेगावला मणक्याचे फोटो काढले, पण त्या सेंटरातून हल्ली फिल्म देत नाहीत, फोनवर लिंक पाठवतात. फोनवर ती उघडेना. नाशिकच्या डॉक्टरांच्या माणसाने बजावलं होतं, “पेन ड्राइव्हवर आणा मावशी, नुसत्या रिपोर्टवर सर बोलत नाहीत.”

“लता, मनी फिलीम उनी का?” आतून आवाज आला.

“येतेय अक्का.”

“सकायपासून येतेच शे. तुना डबडाले काय रोग व्हयना?”

लताबाईंना हसू आलं नाही. त्या पायाकडे बघवत नव्हतं. याच पायांनी फुलाबाई लहानपणी त्यांना पाठुंगळी घेऊन मोसम नदीच्या वाळूतून पलीकडे न्यायची. नदीला तेव्हा उन्हाळ्यातही घोटाभर पाणी असे.

सहादू, लताबाईंचे यजमान, खुर्चीमागे उभे होते. “मी काय म्हणतो, नेट कॅफेत जाऊन येऊ का?”

“कुठल्या? कोपऱ्यावरच्या कॅफेत आता मोमोज मिळतात.”

“मग ते फाइलवाले चोर असतील. उगाच कोणी अडवत नाही. आपली पेन्शनची सगळी माहिती आहे त्यात.”

म्हणून लताबाईंनी सेंटरला फोन लावला. आरोही नावाची मुलगी बोलली. “आजी, फाइल आमचीच आहे. फोटो बघायचा छोटा प्रोग्राम असतो तिच्यात, त्यालाच अँटीव्हायरस चोर समजतं. रोज पाच फोन येतात. फाइल उतरेपर्यंत अँटीव्हायरस थांबवा, अर्धा तास. उतरली की लगेच चालू करा.”

“थांबवायचं कुठून?”

“खाली उजव्या कोपऱ्यात ढालीचं चित्र असेल बघा.”

लताबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. ढाली दोन होत्या. एक लाल, एक हिरवी.

लाल ढाल सहादूंची. दरवर्षी शिवाजी पुतळ्याजवळच्या दुकानातून तिचा डबा ते स्वतः आणत. दुकानदार सांगे, “काका, हे टाकलं की डास पण आत येणार नाही.” हिरवी कुठून आली? लताबाईंना आठवायला वेळ लागला नाही. त्यांना सगळंच आठवे, तेहतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजात काढली होती. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी, भाऊबीजेची दुपार. जावई संघर्षराव जेवून उठले आणि म्हणाले, कॉम्प्युटर बघू का जरा. त्यानंतरच तो चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेऊ लागला होता. सहादू म्हणत, म्हातारा झाला, आपल्यासारखा.

एक्स्चेंजात बोर्डावर खरखर सुरू झाली की फकिरा मेकॅनिक यायचा. घाई करायचा नाही. एक दोरी काढायची, कान द्यायचा, परत घालायची, मग दुसरी. लताबाईंनी लाल ढाल थांबवली आणि फाइल पुन्हा मागवली. पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली. सव्वा वाजून गेला. शेवटाला चौकोन वर आला, या खेपेला हिरवा.

“म्हणजे दोघंही,” त्या म्हणाल्या, आणि हिरव्या ढालीवर बोट नेलं. तिने पासवर्ड मागितला.

सहादू एकदम पुढे आले. “त्याला हात लावू नको. जावयाने टाकलंय ते.”

“मला माहितेय कोणी टाकलंय.”

“त्यांना कळलं तर काय वाटेल? आपली राखी म्हणेल, आमच्या माणसाने केलेलं तुम्हाला चालत नाही.”

“अहो, अक्काचा पाय जातोय.”

सहादू मागे सरले. लताबाईंनी संघर्षरावांना फोन लावला. वाजत राहिला. मग मुलीला, राखीला लावला. ती शाळेत वर्गावर शिकवत होती, कुजबुजत म्हणाली, “आई, कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवतात गं. दोनला चहा असतो, तेव्हा बघतील. काय झालं?”

“काही नाही. फोन करायला सांग, बास.”

सिन्नरच्या त्या कारखान्यात दोन वाजायला चाळीस मिनिटं होती. लताबाईंनी वरणभात कालवून फुलाबाईला दिला. तिने चार घास खाल्ले, ताट सरकवलं आणि पोटरीला चिमटा घेऊन पाहिला. मग गुडघ्याच्या थोडं खाली घेतला. सकाळी चिमटा पोटरीच्या मध्यावर कळत होता.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

“आई, काय झालं? राखी घाबरलीय.”

लताबाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी आवाज उतरवून म्हणाल्या, “संघर्षराव, तुमचं ते हिरवं थोडा वेळ थांबवलं तर चालेल का? राग मानू नका.”

“बाबांचं लाल अजून आहे?”

“आहे ना.”

“आई, एका घरात दोन नसतात चालत. दोघं एकमेकांवरच पाळत ठेवत बसतात, मशीन सगळं त्यातच दमतं. मी तेव्हाच लाल काढणार होतो. पण बाबांनी एवढे पैसे देऊन आणलेलं, मी जावई माणूस, कसं काढू? वाटलं, मुदत संपली की ते नवीन आणणार नाहीत.”

फोन स्पीकरवर होता. सहादूंनी कपाळाला हात लावला. “आणि मी दरवर्षी आणतोय. म्हटलं, जावयाचं फुकटातलं आहे, त्याच्या जोडीला पक्कं असावं.”

“बाबा, माझं काढून टाका. पासवर्ड राखीच्या वाढदिवसाचा आहे. काढलं की बंद करून चालू करा. लाल अर्धा तास थांबवा, फाइल उतरवा, मग परत चालू करा. चहा संपतोय माझा, ठेवतो.”

वाढदिवसाची तारीख टाकताना लताबाईंची बोटं दोनदा चुकली. हिरवी ढाल गेली. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला आणि चहाला आधणही ठेवलं नव्हतं तोवर उभा राहिला. लाल थांबवली. फाइल मागवली. तिघंही, आत फुलाबाईसुद्धा, वाट बघत बसली. पट्टी आता सरळ धावत होती. शेवटाला आली. कोपऱ्यातून काहीच वर आलं नाही.

फाइल होती. तिच्यावर फुलाबाईचं नाव होतं, वय अडुसष्ट होतं. लताबाईंनी ती पेन ड्राइव्हवर घेतली, नीट गेली ना ते दोनदा उघडून पाहिलं, लाल ढाल चालू केली, मगच उठल्या. दोन पन्नास.

कॅनडा कॉर्नरला, डॉक्टरांच्या दवाखान्यापाशी रिक्षा पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. डॉक्टर बराच वेळ चित्रं वरखाली करत राहिले. फुलाबाईला डोळे मिटायला लावून त्यांनी एकेक बोट हलवलं आणि विचारलं, वर की खाली. तिने दोनदा चुकीचं सांगितलं.

“नस दबलीय,” ते म्हणाले. “दहा दिवस थांबता येणार नाही. उद्या सकाळी सातला घेऊ, मी उद्या रात्री निघेन. पाय किती परत येईल ते आत्ता सांगत नाही. रात्री दहानंतर काही खायचं नाही.”

“काय म्हनस तो?” फुलाबाईने विचारलं.

“उद्या सकाळी ऑपरेशन. दहानंतर उपाशी.”

“मंग आधी पोटभर खावाले दे. दुपारनं वरण आळणी व्हतं.”

लताबाई खाली वाकल्या. डाव्या पायात चप्पल सरकवली, फुलाबाईने तो स्वतःच पुढे केला होता. मग उजवा उचलून हातात घेतला, अंगठा पट्ट्यात बसवला, टाच नीट टेकवली. दोन्ही चपला पायात होत्या. फुलाबाई दाराकडे बघत थांबली होती.

“घाल ना लवकर,” ती म्हणाली. “कव्हापावत बसू?”