ड्रायव्हरची खुंटी

आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. एकोणीस वर्षं कोल्हापूर-मालवण ही वस्तीची गाडी त्यांनी चालवली. आज गेले की रात्री तिथंच मुक्काम, उद्या दुपारी परत. घरच्या माणसांसाठी वर्षाला फुकट पास मिळायचा, पण मालवण त्यांनी मला कधी दाखवलं नाही. "तिथं काय हाय? खारं वारं आन् माशाचा वास. माळकऱ्याच्या बायकोचं तिथं काय काम?" एवढंच म्हणायचे.

ते जाऊन चार वर्षं झाली. यंदा माझ्या मुलानं, विश्वजितनं, गाडी घेतली आणि विचारलं, "आई, सांग, कुठं जायचं?" मी मालवण सांगितलं. या माणसाच्या निम्म्या रात्री जिथं गेल्या, ते गाव मला मरायच्या आधी बघायचं होतं.

पहाटे निघालो. गगनबावड्याला चहा घेऊन घाट उतरलो. वळणावळणाला विश्वजित म्हणायचा, "हितनं आबा लाल डबा कसा काढत असतील!" त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ हलायची. ते गेल्यावर त्यानंही माळ घातली.

मी शिरोळची, कृष्णेकाठची. माझा भाऊ बाळासो संध्याकाळी नदीत जाळं लावायचा आणि सकाळी चुलीवर माशाचं कालवण. कितीही काटेरी मासा असो, मी जिभेनंच काटा वेगळा करायची. लग्नानंतर यांनी माळ घातली आणि घरात सगळं बंद झालं. विश्वजितच्या वेळी मला डोहाळे लागले ते माशाचेच. मी वरणभात गिळत राहिले. सातव्या महिन्यात बाळासो शिरोळहून कालवणाचा डबा घेऊन आला. यांनी तो त्याच्यादेखत उकिरड्यावर फेकला. "माळकऱ्याच्या घरात मेलेलं आणतोस व्हय रं?" बाळासो चपला घालून निघाला, तो पुन्हा माझा उंबरा चढला नाही. भाऊबीजेला मीच जायची. तो पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, बोलायचा नाही. माझ्या घरचं पाणी न पिताच वारला. आणि मी मनात यांनाच बरोबर धरत आले, कारण देवाचं काम होतं.

मालवणात होडीनं किल्ल्यात गेलो. "भोवती सगळं खारं आन् आतल्या विहिरीचं पाणी गोड, बघ," विश्वजित सांगत होता. सून पूर्णिमा तटाजवळ माझा फोटो काढत म्हणाली, "आई, हसा की जरा." मी हसले. खरंच बरं वाटत होतं.

दोन वाजता विश्वजितनं विचारत विचारत स्टँडजवळची जुनी खानावळ शोधून काढली. आबा तिथं बसून घरचा डबा खायचे, असं त्यानं ऐकलं होतं. दारात माझ्याच वयाची मालकीण तांदूळ निवडत होती.

"कोल्हापूर गाडीचे गणपतराव ड्रायव्हर, ठावं हायत का?" विश्वजितनं विचारलं.

"तेंका कोण इसारतला?" तिचा चेहरा फुलला. तिनं दाराआडची लाकडी खुंटी दाखवली. "ती बघा, ड्रायव्हराची खुंटी. इले काय आधी माळ काढून थंय लावीत, मगे पानार बसत. जीव तेंचो माशार, त्यातय पेडव्याच्या तिखल्यार. घरचो डबो आमच्या म्हशीक." ती हसली. "म्हणत, घाट उतारलंय काय देव वरच रवता."

विश्वजितचा हात गळ्याकडं गेला. "दुसरा कोण तर ड्रायव्हर असंल."

"कधीपासून खायचे?" मी विचारलं.

"मी लगीन होवन इलंय शहात्तर साली, तेवापासून. बायल तेंची कडक ना. घरात माशाचा नाव काढूक दी नाय. गरीब बिचारो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी तेंची भैन?"

विश्वजितचा जन्म सत्त्याहत्तरचा.

"आई, चल. दुसरीकडं जेवू," तो म्हणाला.

मी बाकावर बसले. "त्यांना वाढत होता, तेच मला वाढा."

तो बाहेर जाऊन गाडीला टेकून उभा राहिला. पूर्णिमा माझ्याशेजारी बसली. ताट आलं. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे, नुसते काटे. मी एक तोंडात घातला. चव ओळखीची होती. काटा जिभेवर आला, पण तो कुठं न्यायचा ते जिभेला आठवेना. मासा खाऊन पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली होती. तो घशात रुतला. पूर्णिमानं घाईनं कोरड्या भाताचा गोळा करून भरवला. दोनदा, तीनदा. मी ताट सारलं.

"आवडाक नाय?" मालकिणीनं विचारलं.

"माझ्या भावाला मासे आवडायचे."

"मगे पुढल्या खेपेक तेंका घेवन येवा."

मी हात धुतला. जाताना खुंटीकडं बघितलं. घासून घासून तिचं टोक गुळगुळीत झालं होतं.

गाडी घाट चढून गगनबावड्याला आली. काटा अजून घशातच होता.