हवेच्या मशीनशेजारी चार मिनिटं

ऑफिसात मला दगडाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मी काय बहिरी आहे? गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेते मी, आणि नऊ वर्षांत परीक्षेच्या गाडीत मला हसताना कुणी पाहिलेलं नाही. लोकांना वाटतं, बाई भारी कडक. कडक कसली डोंबलाची! बाई हसली की बाईला लघवी होते, एवढंच आहे ते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी शिंकेला, मग खोकल्याला, मग जिना उतरताना. पंचेचाळिशी उलटली तशी ती लघवीची पिशवी सरळ हुकूमच सोडायला लागली, आत्ता म्हणजे आत्ता! तेव्हापासून मी फक्त काळी पँट घालते. पर्समध्ये पॅड, कापडी पिशवीत दुसरी पँट, सकाळच्या कपानंतर चहा बंद. गावात कुठला संडास कितीला उघडतो आणि कुठल्याची कडी तुटकी आहे, ते मला तोंडपाठ आहे. धाकटी बहीण दर फोनला सांगायची, "अगं, डॉक्टरीणबाईंकडे जा. व्यायाम असतात, औषधं असतात. अर्ध्या बायका गळतात." मी म्हणायचे, "गळू देत. मी नाही गळत." आणि फोन ठेवून पळायचे.

आता हिशोब बघा. परीक्षा चाळीस मिनिटांची आणि माझी धाव वीस मिनिटांची. म्हणून मी एक शक्कल काढली. निम्म्या वाटेवर पेट्रोल पंप लागतो. तिथे परीक्षार्थीला सांगायचं, "डावीकडे घे. हवेच्या मशीनशेजारी उलटी लाव. इंजिन बंद. मी चाकं बघून येते." आणि चाकं बघायला म्हणून मी पंपाच्या इमारतीमागच्या संडासात जायचे, चार मिनिटांत परत. चाकं बघायला इमारतीमागे कशाला जावं लागतं, हा प्रश्न नऊ वर्षांत एकानेही विचारला नाही. मला वाटायचं, माझा दराराच तसा आहे.

मग बदली होऊन नवे साहेब आले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशाला तीन पेनं. म्हणाले, "मॅडम, मंगळवारी मी मागच्या सीटवर बसेन. परीक्षा ठरलेल्या मार्गाने होते का, ते बघायचंय." ठरलेल्या मार्गात पंपावर थांबणं कुठे होतं! ऐन या वयात साहेबापुढे गाडीची सीट ओली झाली, तर नोकरी गेली खड्ड्यात, तोंड कुठे लपवू? मंगळवारी सकाळी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही मी.

परीक्षेला आली एक एकोणीस वर्षांची पोरगी. याआधी दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा मीच केलेली. एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती, गाडीने घरोघरी जाऊन रक्त-लघवीचे नमुने गोळा करायची. शुक्रवारपर्यंत परवाना दाखवला नाही तर नोकरी दुसऱ्याला. हे तिने बसता बसता सांगून टाकलं, आणि मी सवयीने म्हटलं, "रस्त्याकडे बघ."

चालवली मात्र झकास. चढावर गाडी मागे सरकली नाही, चौकात घाई नाही. साहेब मागे मांडीवर नकाशा घेऊन, एकेका वळणावर टिकमार्क. विसावं मिनिट आलं. मी दात आवळले, पाय आवळले, आवळण्यासारखं जे जे होतं ते सगळं आवळलं आणि म्हटलं, "सरळ."

पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं. आरसा बघितला, डावा इंडिकेटर दिला, पंपात शिरली आणि हवेच्या मशीनशेजारी अशी काही उलटी गाडी लावली की बघत राहावं. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर मीटरवर.

"हे काय?" साहेब म्हणाले. "मॅडमनी सरळ सांगितलं होतं. सूचना पाळली नाही. नापास." आणि लिहिलंसुद्धा.

पोरगी मागे वळली. "सर, इथे थांबतातच. मॅडम चाकं बघतात..."

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. तीनदा नापास झालेली ती काही पहिलीच नव्हती. पण शुक्रवारी तिची नोकरी जाणार होती, आणि माझी मलाच लाज वाटली. पिशवीही आता ऐकायला तयार नव्हती.

"साहेब, चूक तिची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "नऊ वर्षं मी इथे लघवीला उतरते. मला धरवत नाही. लिहा काय लिहायचं ते."

आणि मग ती पोरगी हळूच म्हणाली, "आम्हाला माहीत आहे, मॅडम."

"काय माहीत आहे?"

"ड्रायव्हिंगच्या क्लासमध्ये शिकवतात. गावातल्या तिन्ही क्लासमध्ये. विसाव्या मिनिटाला मॅडमना जायचं असतं. त्यांच्या बाजूचं दार पूर्ण उघडेल एवढी जागा सोडायची, म्हणजे त्यांना पटकन उतरता येतं. त्या गेल्या की वळून बघायचं नाही, मीटरकडे बघत बसायचं. माझ्या दादालाही हेच शिकवलं होतं. आज तुम्ही विसरलात असं वाटलं, म्हणून मी..."

नऊ वर्षं मी त्यांना बनवत होते म्हणे! आणि गावातली पोरं माझ्या दारासाठी जागा मोजून गाडी लावायला शिकत होती. ज्यांना मी धडाधड नापास केलं, तीसुद्धा. डोळे भरूनच आले माझे.

साहेबांनी 'नापास' खोडलं, वर 'पास' लिहिलं आणि खाली सही केली. मग पेन खिशाला लावत अगदी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे मॅडम, नऊ वर्षं चाकं कुणी बघितलेलीच नाहीत?"

आणि मी हसले. नऊ वर्षांचं साचलेलं हसू होतं ते, थांबेचना. मग व्हायचं तेच झालं. होऊ दे म्हटलं, मेलं! हसत हसतच पँटची पिशवी उचलली, दार सताड उघडलं, ते कुठेही घासलं नाही. चालता चालता बहिणीला फोन लावला. "त्या तुझ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे. हो, आत्ता."

इमारतीच्या कोपऱ्यावरून मी मागे वळून पाहिलं. पोरगी शिकवल्याप्रमाणे मीटरकडे बघत बसली होती. आणि मागच्या सीटवरून मान लांब करून साहेबही त्या बंद गाडीच्या मीटरकडेच बघत होते.