आईच्या नंबरावरचं बाळ

माझं काम कोड लावण्याचं. एवढं सांगितलं की लोकांचा गोंधळ उडतो. शेजारीण समजते मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते, आणि सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या माझ्या हातांवर कुठे पांढरे डाग दिसतात का ते निरखत बसल्या. प्रत्यक्षात मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसते आणि झालेल्या प्रत्येक तपासणीला एक नंबर देते, ती का केली त्याला दुसरा. दोन्ही एकमेकांना धरून असले की विमा कंपनी गप्प बसते. नसले की कागद परत येतो. परत आलेले सगळे कागद माझ्याच टेबलावर येतात, कारण इथे मी सगळ्यांत जुनी आणि माझं तोंड सगळ्यांत तिखट.

पेशंट आमच्या खोलीत सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी वर काउंटर आहे. त्या दुपारी मात्र एक बाई थेट आत आली. काउंटरवाल्याने हात झटकून तिला खाली पिटाळलं असणार. कडेवर मुलगी होती, वर्षाची व्हायला आलेली, आणि हातात घडी घालून घालून मऊ पडलेला कागद. मी खुर्ची पुढे केली, तरी ती बसली नाही.

"ताई, पैसे मी भरते," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. हे खरं आहे का, तेवढं सांगा."

कागद विमा कंपनीचा होता. मुलीच्या रक्ताची हिपॅटायटिस बीची अँटिबॉडी तपासणी नामंजूर. कारण, मुलीला हिपॅटायटिस बी असल्याची नोंद आधीपासूनच आहे.

आजार खरं तर त्या बाईचा स्वतःचा. गरोदरपणात कळला होता. यकृताचा हा आजार आईकडून बाळंतपणात बाळाला जाऊ शकतो, म्हणून अशा बाळाला जन्मल्याबरोबर लस टोचतात, पुढचे डोस चुकवत नाहीत आणि वर्षाच्या सुमाराला रक्त तपासतात. एका तपासणीत आजार आलाय का ते कळतं, दुसरीत, म्हणजे अँटिबॉडीच्या, लस लागू पडली का ते. आता जिला आजार आहेच तिला लस लागू पडली का हे कशाला बघायचं, असा कंपनीचा सवाल. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. पण मुलीचे डॉक्टर सुट्टीवर होते, रिपोर्ट तिला अजून कुणी सांगितलाच नव्हता, आणि कंपनीचा कागद तेवढ्यात घरी जाऊन थडकला. लेकीच्या रक्तात काय आहे हे आईला असं नकाराच्या कागदावरून कळावं, याचा मला मनापासून राग आला.

तिला रात्रभर झोप नव्हती. मुलीचे चमचे-वाट्या तिने पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या होत्या. एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही असं डॉक्टर सांगून थकले, पण मन मानत नव्हतं. आणि एवढं करूनही शेवटी गेलाच, असं तिला वाटत होतं. हे सगळं ती इतक्या हळू आवाजात सांगत होती की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

माझा पहिला संशय वाऱ्यावर. हा माझ्या शेजारी बसतो आणि वाऱ्यासारखं काम उरकतो, म्हणून हे नाव. नवशिक्यांची एक ठरलेली चूक असते. तपासणीच्या नावात आजाराचं नाव दिसलं की कारणाच्या जागीही तोच आजार ठोकून मोकळे. मी वाऱ्याला तिच्यादेखतच फैलावर घेतलं. डोळे गहाण ठेवलेत का, इथपर्यंत माझी मजल गेली. त्याने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्याने कारण अगदी बरोबर लावलं होतं, लस लागू पडली का ते पाहणे. मग मी मुलीची जुनी फाईल उघडली.

तिथे सापडलं. जन्मलेल्या बाळाला पहिला महिना स्वतःचा नंबर नसतो, विम्यात ते आईच्याच नंबरावर चालतं. महिन्याने त्याला स्वतःचा नंबर मिळतो, तेव्हा फाईलमधलं बाळाचं तेवढं निवडून पुढे न्यायचं असतं, तांदळातले खडे बाजूला काढावेत तसं. हिच्या वेळी कुणीतरी गाठोडं न सोडताच उचललं होतं. आईचा आजार लेकीच्या नावावर. आईचा रक्तदाब, आईचे टाके, तेही लेकीच्याच नावावर. जिला अजून धड उभं राहता येत नव्हतं, ती नोंदीप्रमाणे एकदा बाळंत झाली होती.

मला हसू आवरेना. मी तिला वाचून दाखवलं. वाऱ्याही हसला. ती हसली नाही.

"म्हणजे तिला आजार नाही?" तिने विचारलं.

इथे माझी पंचाईत झाली. नोंद चुकीची होती, एवढंच मी सांगू शकत होते. नोंद चुकीची म्हणून रक्त चांगलं, असं काही होत नाही. रक्ताचं खरं काय ते रिपोर्टमध्ये होतं, आणि रिपोर्ट माझ्या समोरच होता. मी तो उघडला. आजार नव्हता. अँटिबॉडी भरपूर होत्या, लस उत्तम लागू पडली होती. पण रिपोर्ट डॉक्टरांनीच सांगायचा, बिलाच्या खोलीतल्या माणसाने नाही, असा आमचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. अर्धवट वाचून भलतंच सांगणारे मी पाहिलेत. याच नियमापायी मी वाऱ्याला एकदा रडवलंही आहे.

मी उठले आणि तिला म्हटलं, चला माझ्याबरोबर.

लिफ्ट बंद होती. लॅब दुसऱ्या मजल्यावर. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, आणि जिन्यात ती बाई पायऱ्यांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत चढत होती. मी कठड्यावरच्या धुळीबद्दल बोलले, सफाईवाल्यांना नावं ठेवली. गप्प राहणं इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. मध्येच ती थांबली. मुलगी माझ्याकडे देता का म्हणून मी विचारलं, तर तिने मान हलवली आणि मुलीला आणखी घट्ट धरलं.

लॅबच्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. आधी त्या कुरकुरल्या. हे मुलीच्या डॉक्टरांचं काम, ते आले की सांगतील. मी म्हटलं, ते सुट्टीवरून येईपर्यंत ही वेडी होईल. आपणच घातलेला घोळ आहे, आपणच निस्तरायचा. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, हातमोजे काढले, रिपोर्ट मागवला आणि तिला समोर बसवलं. या वेळी ती बसली.

त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मुलीला आजार नाही. लसीने आपलं काम केलंय. पुढेही तुमच्याकडून तिला हा आजार होण्याची भीती नाही.

"माझं काहीच गेलं नाही ना तिच्यात?"

"नाही गेलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझं काही नकोच तिला." आणि मुलीच्या पाठीवर कपाळ टेकून ती रडायला लागली.

रिपोर्ट चांगला होता, मला आनंदच व्हायला हवा होता. पण आईच्या तोंडचं ते वाक्य मला सोसेना. डॉक्टरीणबाई उगाचच पेनाचं टोपण लावू लागल्या. आई रडते म्हटल्यावर मुलीनेही ओठ पुढे काढले. मला कुणाची समजूत घालता येत नाही, मला फक्त बोलता येतं. मी वाकून त्या मुलीचं तोंड नीट न्याहाळलं, मग आईचं.

"खाली गेल्यावर तुमचं सगळं तिच्या फाईलमधून काढून टाकते," मी म्हटलं. "आजार, टाके, बाळंतपण, एकूण एक. नाक मात्र तुमचंच आलंय. ते काही मला काढता यायचं नाही."