माझ्या पोटातली पोती

माझ्यावर बसून किती राजे मेले, विचारू नका मित्रांनो. मी बेळगावातल्या एका नाटक मंडळाची जुनी लेव्हल आहे. लेव्हल म्हणजे रंगमंचावर उंचवटा करायला ठेवतात ते लाकडी खोकं. निपाणीत तंबाखूची एक वखार पाडली, तिच्या फळ्यांतून खडेबाजारच्या सुतारानं मला घडवलं. अजून ऊन तापलं की माझ्या अंगाला तंबाखूचा वास सुटतो आणि नट शिंकतात. शिंकू देत.

मी सिंहासन झाले, देवळाची पायरी झाले, पोलीस चौकीसुद्धा झाले. पण मी आतून पोकळ. पाय पडला की धम्म वाजायची आणि संवाद बुडायचे. म्हणून दिग्दर्शक महादेव मास्तरांनी माझ्या पोटात पोती कोंबली. नटांना ते रोज सांगायचे, "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे." आणि मी मात्र गप्प बसायचं! हा कुठला न्याय?

मग निपाणीची श्रद्धा आली, कॉलेजात शिकणारी. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही, त्यामुळे तिचे संवाद ऐकून बाकीचे हसायचे. मास्तरांनी तिला झाड केलं. हातात फांद्या घेऊन माझ्यावर उभं राहायचं, बस्स. पण तिला स्थिर राहवेना.

"झाड लई हालतंय गं," मास्तर म्हणाले.

"वारं सुटलंय की, सर."

मास्तरही हसले, पण पुढच्या नाटकात तिला झाडसुद्धा मिळालं नाही. ती रडली नाही. सरळ बंगळूरला जाऊन आधुनिक नृत्य शिकली. मी मात्र मागच्या खोलीत. माझ्यावर रंगाचे डबे, कोपऱ्याला वाळवी.

यंदा श्रद्धा परतली ती नाच बसवणारी होऊन. गावाबाहेरच्या मच्छे आणि पिरनवाडीच्या पोरी जमवून नाचाचा वर्ग काढला, पण तालमीला जागा नव्हती. मास्तर म्हणाले, "मंडळाच्या वर्धापनदिनाला एक नाच कर. जमला तर हॉल तुझ्या वर्गाला. पण लेव्हलमधली पोती काढायची न्हाईत. हितं दणदणाट नको."

तिनं मला धुतलं, वाळवी खरवडली, नवे खिळे ठोकले. नाच होता वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा. त्यांची मनगटं, त्यांच्या कमरा मी फळी असल्यापासून ओळखते.

"आक्का, गाणं कुठलं लावायचं?" पोरींतल्या ऋतिकानं विचारलं.

श्रद्धानं माझ्या पोटात हात घातला आणि एकेक पोतं ओढून बाहेर फेकलं. "हे बघ. गाणं हितं कोंबून ठेवलंय."

वर्धापनदिनाला मास्तरांना हे कळलं तेव्हा पडदा उघडत होता. ती पोती काखेत मारून ते विंगेत धावत आले. तेवढ्यात श्रद्धाची टाच माझ्यावर पडली. धम्म! मग सगळ्या पोरींच्या. इतकी वर्षं दाबलेलं सगळं मी वाजवलं, मित्रांनो, अगदी मन भरून. मास्तर थांबले. मग हळूच त्याच पोत्यांवर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

नंतर ते पुटपुटले, "आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला की गं."

"तुमीच शिकवलंय न्हवं, सर?"

मास्तर पोत्यांवरची धूळ झटकू लागले. मग म्हणाले, "उद्या हॉलची किल्ली घेऊन जा. पोती तेवढी ऱ्हाऊ देत, मला बसायला."

आता रोज संध्याकाळी मी वाजते. मित्रांनो, मला पुसा, ओलीपासून जपा, सैल खिळा दिसला तर ठोका. पण मी फार वाजते म्हणून कुणी पोतं घेऊन आलं, तर त्याला आधी त्यावर बसवा आणि ऐकायला लावा.