घरचं हवामान

एर्मिंदा मान्सियाला लोबोस बेटावर येऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत नवरा, दोन मुली आणि कोंबड्या सोडून दुसरं तोंड तिने पाहिलं ते फक्त चारदा, रसदबोट आली तेव्हा. आरमाराची पद्धतच तशी. एका बेटावर एक नौसैनिक, त्याची बायकापोरं, एक दीपगृह आणि एक बिनतारी यंत्र. मुक्काम वर्षभर. नवऱ्याने दिवसातून पाच वेळा हवामान कळवायचं, जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची नोंद ठेवायची. बायकोने काय करायचं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. बायकोचं नाव फक्त सामानाच्या यादीत होतं, गॅसच्या टाक्यांच्या खाली.

म्हणून बायकांनी आपलं आपण ठरवलं. संध्याकाळी पाचचं हवामान नवऱ्यांनी कळवलं की पुढची दहा मिनिटं यंत्र बायकांचं. चार बेटं, चार बायका, आणि कुणी कुणाला पाहिलेलं नाही. यंत्रावर एका वेळी एकीलाच बोलता येतं. बटण दाबून बोलायचं, झालं की ‘काम्बियो’ म्हणायचं, म्हणजे माझं झालं, आता तू बोल. तो शब्द कानावर पडेपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. एर्मिंदाचा नवरा, सार्जंट रेमिहियो, म्हणायचा, “हा नियम जेवणाच्या टेबलावर का नाही लावत तू?”

खेळ सुरू केला कोरा बेटावरच्या रोसाल्बाने. एकदा ती आपली सरकारी आवाजात म्हणाली, “कोरा. घरात वारा पस्तीस नॉट, नवऱ्याच्या दिशेने. आभाळ आठातले पाच हिस्से ढगाळ, कारण पीठ संपत आलंय. काम्बियो.” हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. तेव्हापासून रोज घरचं हवामान सांगायचं ठरलं. जे सरळ बोलायला जीभ रेटत नाही ते नॉटमध्ये आणि मैलांत सांगता येतं, हे त्यांना लवकरच कळलं.

यास्ना सगळ्यात धाकटी, एकवीस वर्षांची. दूरच्या पिकुदा बेटावर, पदरात चार महिन्यांचं बाळ. सुरुवातीला खिदळायची. मग तिचे दृश्यतेचे आकडे, म्हणजे किती लांबचं दिसतं ते, उतरत गेले. आठ मैल, तीन मैल, एक. एर्मिंदाने रेमिहियोच्या मागे भुणभुण लावून पुढच्या बोटीतून नर्सबाई पाठवायला लावली. बोट निघालीसुद्धा. आणि नेमक्या त्याच दिवशी पाचनंतर यास्नाचा आवाज आला, “पिकुदा. धुकं. दृश्यता शून्य.”

‘घरात’ म्हणाली नाही. ‘काम्बियो’ही म्हणाली नाही.

तिघीजणी वाट बघत बसल्या. ती अजून काही बोलेल, मधे कसं तोंड घालायचं? दहा मिनिटं तशीच गेली आणि वेळ संपली. तिकडे बोटीवरच्या माणसाने ऐकलं ते एवढंच, की पिकुदाला धुकं आहे आणि हातभरावरचं दिसत नाही. बोट अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली. पीठ परत गेलं, गॅस परत गेला, नर्सबाई परत गेली.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून लेफ्टनंट इतुर्राचा हुकूम आला. बायकांचं बोलणं आजपासून बंद, यंत्र कामासाठी आहे. बोट आता पाच आठवड्यांनी. यास्नाचा नवरा, कॉर्पोरल एदिसन, भला पोरगा. हवामान सांगता सांगता रेमिहियोला हळूच म्हणाला, “बोट आपल्यामुळे फिरली हे तिला कळलंय. जेवत नाही. बाळाला घेऊन खिडकीशी बसते, नुसती बसते. मला काही सुचत नाही, सार्जंट.”

एर्मिंदा कणीक मळत होती. तशीच उभी राहिली. नियम पाळला आपण, तिच्या मनात आलं. शहाण्यासारखा नियम पाळला आणि पोरगी हातची घालवली. तिला स्वतःचा इतका राग आला की कणीक तिने दोनदा आपटली.

“यंत्र दे इकडे.”

“एर्मिंदा, माझी बढती आहे डिसेंबरात.”

“तुझी बढती पुढच्या वर्षी होईल. पाच आठवड्यांत त्या पोरीचं काय होईल ते सांग. नाही ना सांगता येत? मग जा, कोंबड्यांना दाणे घाल.”

रेमिहियो दाण्यांचा डबा उचलून बाहेर गेला. वीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं कळतं.

“बंदर, बंदर, इथे लोबोस. लेफ्टनंटसाहेबांना बोलवा. काम्बियो.”

साहेब आले ते चढ्या आवाजातच. “ही वेळ हवामानाची नाही. सार्जंटला द्या. काम्बियो.”

“सार्जंट कोंबड्यांना दाणे घालतोय. हवामानाबद्दलच बोलायचंय, साहेब. ऐकलेलं परत वाचून दाखवायचं आणि खात्री करायची, हा नियम तुमचाच ना? मग बोटीवरच्या माणसाने पिकुदाला एकदा तरी विचारलं, की बाई, परत सांगा? नाही विचारलं. त्या दिवशी पाचला कॉर्पोरलने दृश्यता दहा मैल कळवली. तुमच्या नोंदवहीत ती आहे. बोट धुक्यामुळे फिरली, तेही त्याच पानावर आहे. मी कुणाला सांगत नाही. पण वरून तपासणीला येणाऱ्यांना वाचता येतं, साहेब. काम्बियो.”

मग साहेब म्हणाले, “तुम्हाला हवंय काय? काम्बियो.”

“बोट शुक्रवारी. नर्सबाईंसकट. जाताना मला लोबोसवरून उचलायचं. आणि बायकांची दहा मिनिटं परत. बोलण्याआधी आम्ही ‘घरचं हवामान’ असं मोठ्याने सांगू, म्हणजे पुन्हा कुणाची गफलत होणार नाही. काम्बियो.”

“हे तुम्ही मला सुनावताय? कोण बोलतंय तुमच्याखेरीज असं? काम्बियो.”

एर्मिंदा तोंड उघडणार तेवढ्यात यंत्रावर दुसरा आवाज आला. “कोरा. ऐकलं. स्पष्ट ऐकलं. काम्बियो.” रोसाल्बा, आणि या वेळी आवाजात थट्टेचा लवलेश नाही. तिच्यामागून चौथी, साल बेटावरची ओतिलिया, जी एरवी दोन शब्दांवर बोलायची नाही. “साल. स्पष्ट ऐकलं. काम्बियो.”

पिकुदाकडून शब्द आला नाही. पण कुणीतरी बटण दाबलं आणि सोडलं. खट्. एवढंच. एर्मिंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“तुमचं नाव काय, बाई?” साहेबांनी विचारलं. “काम्बियो.”

“यादीत बघा, साहेब. गॅसच्या टाक्यांच्या खाली. काम्बियो.”

शुक्रवारी बोट आली. मुली रेमिहियोच्या हवाली करून, पाव, कालाफाते नावाच्या रानफळांचा मुरंबा आणि लोकरीचे मोजे पिशवीत भरून एर्मिंदा चढली. पाच तास लाटांनी तिला घुसळून काढलं. पिकुदाच्या धक्क्यावर एदिसन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याने तिची पिशवी घेतली.

स्वयंपाकघरात खिडकीशी यास्ना. आवाजावरून एर्मिंदाने मनाशी एवढीशी चिमणी मुलगी धरली होती. ही तर ताडमाड उंच, तिच्यापेक्षा हातभर मोठी. “अगं बाई,” एर्मिंदा म्हणाली, “तुझ्यासाठी मोजे विणले, ते तुझ्या अंगठ्यालाही पुरायचे नाहीत.”

यास्ना हसली नाही. तोंडावर बोलायची दोघींनाही सवय नव्हती. एर्मिंदाने खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “पिकुदा, घरचं हवामान सांग. काम्बियो.”

बऱ्याच वेळाने यास्नाचे ओठ हलले. “बाळ रडतं, आणि मला... मला ते ऐकू येतं पण उठवत नाही. मी त्याची आई आहे, आणि मला उठवत नाही.” ती थांबली. शेगडीवर किटली वाजायला लागली. दारातून नर्सबाई पुढे आल्या, म्हणाल्या, “हे बघ, पोरी...”

“थांबा,” एर्मिंदा म्हणाली. “तिचं झालेलं नाही. तिने काम्बियो म्हटलेलं नाही.”

मागच्या वेळीही ती थांबलीच होती, पण तेव्हा मधे समुद्र होता. आता हात हातात होता. यास्ना रडली, थांबली, मग बोलली, परत रडली. बोट फिरल्याचं बोलली, आईचं बोलली, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याबद्दल असं काही बोलली की एर्मिंदाने तिचा हात आणखी घट्ट धरला. बाहेर बोटीचा भोंगा झाला. पुढे साल बेटाला जायचं होतं.

“त्यांना सांग, सोमवारी परतताना मला घेऊन जा,” एर्मिंदा एदिसनला म्हणाली, मान न वळवता.

बोट गेली. नर्सबाईंनी बाळाला उचलून घेतलं, किटली उतरवली. बऱ्याच उशिराने यास्नाने बाहीने नाक पुसलं आणि एर्मिंदाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“काम्बियो,” ती म्हणाली.

“ऐकलं,” एर्मिंदा म्हणाली. “स्पष्ट ऐकलं.”